इंजिन खोललं त्या दिवशी

पहाटे साडेपाच

"सेल्फ मारू नका. आधी खालनं बघू," असं म्हणत मिस्त्री पाना आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले.

मार्च २०२४. गाडी टाटा १६१३, मॉडेल २०११, आत कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन. माझ्या नावावर ही एकच गाडी. कोल्हापुरातून गुळाचे रवे घेऊन सुरतेला जायचं आणि येताना तिथल्या कापडाच्या गाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या पेठेत उतरवायच्या, हाच तिचा धंदा. पहिली नऊ वर्षं मीच चालवली. मग गुडघे बोलायला लागले आणि ड्रायव्हर ठेवला.

चार दिवसांपूर्वी परतीच्या फेरीत खंबाटकी चढताना पंख्याचा पट्टा तुटला. पुण्याहून साताऱ्याकडं येणाऱ्याला तेव्हा घाटच चढावा लागायचा, बोगदा होता तो पुण्याकडं जाणाऱ्यांना. हा पट्टा तुटला की पंखा थांबतोच, पाण्याचा पंपही थांबतो. काटा लाल पट्ट्यात गेला तरी पुढचं रुंद वळण येईपर्यंत ड्रायव्हरनं गाडी दामटली. मागं रांग आणि कडेला उभं राहायला जागा नाही. मी त्याला काही बोललो नाही. त्या जागी मीही तेच केलं असतं, फक्त घरी सांगितलं नसतं.

तेव्हापासून रेडिएटरचं पाणी कमी होतंय आणि खाली जमिनीवर थेंब नाही. ऑइलची गोष्ट वेगळी, ते वर्षभर चाललंय. सुरतेच्या एका फेरीला पूर्वी लिटरभरही टाकावं लागत नसे, आता सात लिटर टाकतोय.

मिस्त्रींनी इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा बोल्ट दोन-तीन आटे ढिला केला. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात पाणी उतरलं असेल तर ते ऑइलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि पहिल्यांदा तेच बाहेर येतं. पहिला थेंब काळा. दुसरा काळा. दहा-बारा थेंब हातावर घेऊन त्यांनी बोटांनी चोळले, वास घेतला आणि बोल्ट परत आवळला.

"पाणी न्हाई उतरलं. म्हंजे वरच्या वर पिऊन धुरातनं जातंय. पॅकिंग गेलंय."

नुसतं पॅकिंग असेल तर हेड काढायचं, फेसिंग मारायचं, नवं पॅकिंग टाकायचं. तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. त्या घडीला मी मनात हाच हिशेब केला आणि तो मला फार आवडला.

सहा

आता सेल्फ मारला. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि गोडसर वास सुटला. तो कूलंटचा. इंजिन गरम झाल्यावर पांढरा ओसरला आणि रेस दिली की निळा यायला लागला. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण उलटं करून त्याच्या तोंडावर नुसतं ठेवलं. ते नाचायला लागलं, म्हणजे उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखं हलकंसं नाही, सरळ उडून बाजूला पडलं. थोडं हललं तर कुठल्याही डिझेल इंजिनाचं हलतं, त्यावरून कुणी घाबरू नये. पण पडलं म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये घुसतोय. गॅरेजात याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात.

म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते. पॅकिंगचा घाटातला, चार दिवसांचा. रिंगांचा जुना, वर्षाचा. पहिल्यानं गाडी गॅरेजात आणली आणि दुसरा त्या निमित्तानं उघडा पडला.

साडेसात

चहा. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, नवी घ्या. आता एसी केबिनच्या गाड्या आल्यात." गाडी त्याच्या हातात महिन्याचे पंचवीस दिवस असते, त्याला बोलायचा हक्क आहे. थोरल्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, "तू ती वीक. तेरा वर्षांच्या गाडीवर कोण पैसा घालतं?" भाऊ शिक्षक होता. त्याच्या दुचाकीलाही तेरा वर्षं झालीत, पण ते मी काढलं नाही.

सगळ्यांची मतं तयार होती आणि इंजिन अजून कुणी उघडलेलं नव्हतं.

साडेआठ ते दहा

हा दीड तास मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला.

मिस्त्रींकडं जुन्या नोझलचं पोट कोरून, मागं हवेची नळी जोडलेला एक जुगाड आहे. सहाही नोझलं काढली आणि एकेका सिलिंडरच्या नोझलच्या जागी तो बसवला. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व बंद, आणि हवेनं इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये. मग कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमध्ये फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, एअर क्लीनरच्या बाजूला आली तर इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा तडा, आणि ब्रीदरमधून आली तर रिंगा.

गॅरेजातलं पोरगं रेडिएटरच्या तोंडाशी, मी ब्रीदरच्या नळीला कान लावून, मिस्त्री नळीच्या कॉकवर.

"एक नंबर."

ब्रीदरमध्ये सूं. रेडिएटर शांत.

"दोन." तसंच. तीन, चार, पाच, सगळीकडं तोच सूंकारा, कुठं थोडा कमी, कुठं जास्त. सहा नंबरला हवा सोडली आणि पोरगं ओरडलं, "बुडबुडं!" माझ्या कानातही शिट्टी वाजली. सहाव्याचं पॅकिंगही गेलेलं आणि रिंगाही.

पेट्रोलच्या गाडीवाले सिलिंडरमध्ये थोडं ऑइल ओतून कॉम्प्रेशन वाढतं का बघतात आणि त्यावरून रिंग की व्हॉल्व ते ठरवतात. डिझेलच्या पिस्टनला डोक्यावर वाटीसारखा खळगा असतो, ऑइल त्यातच बसतं आणि निकाल फसवा येतो. म्हणून हे हवेचं. खर्च काही नाही, दीड तास आणि तीन माणसांचे कान. तरीही बरेचजण हे न करता थेट हेड काढायला सांगतात.

व्हॉल्वमधून मात्र कुठंच हवा आली नाही. तेवढंच समाधान.

बारा

हेड खाली आलं. या इंजिनाला सहाही सिलिंडरचं मिळून एकच लांब हेड असतं, चेन कप्पीनं उचललं. पाच पिस्टनांची डोकी कोळशासारखी काळी आणि सहावा घासलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. पाण्याची वाफ त्याला चार दिवस धूत होती.

मिस्त्रींनी एक नंबरच्या पिस्टनवरचा कार्बन पत्र्यानं हळूच खरवडला. आधी कुणी बोअर मारून मोठा पिस्टन टाकला असेल तर ०.५० असा आकडा डोक्यावर सापडतो. नव्हता. म्हणजे कारखान्यातून आलेलं बोअर अजून तसंच होतं.

"मालक, हितं नख लावा."

सिलिंडरच्या भिंतीवर, वरून थोडं खाली, नखाला पायरी लागली. वरची रिंग जिथपर्यंत जाऊन परत फिरते तिथं भिंत झिजते, त्याच्या वर रिंग कधी पोचतच नाही म्हणून तेवढा काठ मूळ मापाचा राहतो. ती ही पायरी. नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर नवी, धारदार वरची रिंग या काठावर आपटते आणि मोडू शकते. शिवाय झिजून गुळगुळीत आणि अंडाकृती झालेल्या भिंतीत गोल रिंग बसणार तरी कशी?

मी विचारलंच, "नुसत्या रिंगा टाकून?"

"अडतीस हजारात दितो करून. धा जणांतले आठ तेच सांगतात. सा म्हैनं बरी चालंल."

"आणि मग?"

"मग तुमी हितंच. फकस्त तवा मी वाईट."

मिस्त्रींना गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. अशी माणसं या धंद्यात आहेत म्हणून धंदा चालतो.

एक

डबा. चेंबर उतरवून पोरानं सहा नंबरच्या रॉडचं बेअरिंग काढून माझ्या ताटलीशेजारी ठेवलं. वरची करडी कल्हई जाऊन खालचं तांबं दिसत होतं. मी लोणचं बाजूला सारलं.

अडीच

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथं बोअर मारणारे आणि क्रँक घासणारे हात आहेत. गल्लीत शिरलं की कूलंटचा आणि तापलेल्या बिडाचा वास येतो. हेड टेम्पोत घालून नेलं होतं. मशीनवाल्यानं स्ट्रेटएज ठेवून खालून फीलर सरकवला. मागच्या टोकाला वाकलं होतं, पण फेसिंगमध्ये निघण्याइतकंच. मग लाल शाई मारून पुसली आणि पांढरी पावडर फवारली. तडा असेल तर लाल रेघ पांढऱ्यावर उमटते. दोन व्हॉल्वच्या मधली जागा सगळ्यात नाजूक. पंधरा मिनिटं सगळे तिकडंच बघत उभे. रेघ उठली नाही.

फेसिंगमध्ये जितकं खाल्लं जाईल तितकं जाड पॅकिंग मिळतं, हे त्यानं सांगितलं. घ्यायला विसरलात तर नोझलची टोकं आणि व्हॉल्व पिस्टनच्या जास्त जवळ येतात, हेही सांगितलं. असं न विचारता सांगणारा माणूस भेटला की काम तिथंच टाकावं.

साडेतीन

मशीनवाला बोअर गेज घेऊन आमच्यासोबत गॅरेजात आला. या इंजिनाला वेगळे लायनर नसतात, पिस्टन सरळ ब्लॉकच्या बिडातच चालतो. लायनरवाल्या इंजिनात झिजलेला लायनर काढून नवा घालता येतो. इथं ब्लॉकच कापावा लागतो. म्हणून किती कापायचं शिल्लक आहे, यावर सगळं अवलंबून.

बोअरचं मूळ माप १०२ मिलिमीटर आणि वर दोन शतांश. गेज आत उतरवलं की सुई थरथरते आणि थांबते. वर, मध्ये, खाली. मग गेज फिरवून आडवं. मशीनवाला आकडे बोलत होता आणि पोरगं खडूनं गाडीच्या दारावर लिहीत होतं.

"एक. वर पंधरा, खाली पाच." म्हणजे १०२.१५ आणि १०२.०५.

"चार. वर सतरा, खाली पाच."

"सहा. वर एकोणीस, खाली पाच."

पहिल्याच आकड्यावर रिंगांचा विषय संपला होता. १०२.११ च्या थोडं पुढं गेलं की बोअर चालवायचं नसतं, आणि वर-खालीतला फरक पाऊण दशांशाच्या आत असावा लागतो. इथं तो सव्वा-दीड पट, सहाव्याला दुप्पट जवळपास.

पण त्याच आकड्यांत दुसरी गोष्टही होती. सगळ्यात झिजलेलं सहावं बोअरसुद्धा १०२.१९ वर होतं. पहिला मोठा पिस्टन अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे बोअर १०२.५० च्या थोडं पुढं जाणार. सहाही सिलिंडर त्यात आरामात साफ निघणार. पुढं कधी गरज पडली तर आणखी एकदा, एक मिलिमीटरचा पिस्टन. त्यानंतर स्लीव्ह. या ब्लॉकचं आयुष्य संपलेलं नव्हतं, त्याच्या तीन भागांतला पहिला संपला होता.

मशीनवाल्यानं रॉडचं जर्नल मायक्रोमीटरनं मोजलं. मूळ ६९ मिलिमीटर, भरलं ६८.९४. पॉलिशवर भागणार नाही, पाव मिलिमीटर घासून तेवढी जाड बेअरिंगं टाकायची. "घासताना कोपऱ्याची गोलाई ठेवा," मिस्त्री त्याला म्हणाले. कोपरा काटकोनात कापला तर क्रँक तिथूनच मोडतो. मशीनवाल्यानं नुसतं बघितलं. त्याला वीस वर्षं तेच करताना गेली होती.

दाराचा फोटो काढून ठेवला. तो अजून फोनमध्ये आहे.

पाच

फोन. मुंबईहून "चालू गाडीतनं काढलेलं" जुनं इंजिन एक लाख चाळीस हजारात, भाडं वेगळं. फोटोत रंग ताजा होता. त्याच्या बोअरचं माप विचारलं तर "भाई, एकदम ओके है." रंगाच्या खाली काय आहे ते मला माझ्या इंजिनाचं माहीत झालं होतं, त्याचं नव्हतं. कंपनीचं रिकंडिशन इंजिन बदलीत मिळतं, त्याला हमीही असते, पण आकडा दोन लाखांच्या बराच पुढं.

गाडी विकायची तर एजंट काल सहा लाख म्हणाला होता. आज "हेड उतरवलंय" म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला आणि भाव साडेचारवर आला.

सहा

आरटीओचं काम करणारा ओळखीचा एजंट. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसी बुकावर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. दहा किंवा जास्त गाड्यांच्या मालकाला त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी मंजुरी न घेता बदलायची मुभा मिळू शकते, नंतर १४ दिवसांत कळवलं की झालं. एका गाडीच्या मालकाला आधी मंजुरी. म्हणजे ज्याची एकच गाडी उभी आहे त्यालाच कागदासाठी जास्त दिवस थांबावं लागतं. ब्लॉक तोच ठेवला तर हा सगळा प्रश्नच उरत नाही, कारण नंबर ब्लॉकवर असतो.

त्यानं आणखी एक आठवण करून दिली. २०२६ मध्ये गाडीला १५ वर्षं होणार होती. दर वर्षीचं पासिंग तर तेव्हाही होतंच, कारण आठ वर्षांनंतर ते वर्षाचंच होतं. पण १ एप्रिल २०२२ पासूनच्या, तेव्हाच्या दरांप्रमाणे १५ वर्षांवरच्या अवजड गाडीच्या फिटनेसला १२,५०० रुपये लागायचे. सरकारी गाड्या १५ वर्षांनी मोडीत निघतात, दिल्लीत तेव्हा १० वर्षांवरच्या डिझेलला बंदी होती. आमची खाजगी गाडी फिटनेस पास होईतो महाराष्ट्र-गुजरातेत चालू शकते. चॅसी सरळ आहे, गिअरबॉक्स दोन वर्षांपूर्वी केलाय, हौद्याचा पत्रा शाबूत. मी हे मोजत बसलो तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून आम्ही इंजिनच बघतोय, आणि निर्णय मात्र त्याच्याभोवतीच्या गाडीवर ठरणार आहे. चॅसीला वेल्डिंगचे सांधे असते तर याच बोअरच्या आकड्यांना मी विकायचं कारण मानलं असतं.

आठ

घरी. हिशेबाची वही हिच्याकडं असते. बोअर, पिस्टन, रिंगा ५२ हजार. क्रँक आणि बेअरिंगं १४. हेड १६. डिझेल पंप आणि नोझलं १८. टर्बो ९. पाण्याचा नि ऑइलचा पंप, पॅकिंग, ऑइल, फिल्टर मिळून २२. मजुरी २४. रेडिएटर आणि पट्टे ८. बेरीज १ लाख ६३ हजार.

दुसऱ्या पानावर नवी गाडी. बॉडी, विमा, पासिंग धरून पंचवीस लाखांच्या पुढं. वीस लाखांचं कर्ज पाच वर्षांचं धरलं तर महिन्याचा हप्ता ४३ हजारांच्या आसपास.

"अहो, सगळं जाऊन आपल्या हातात किती राहतं महिन्याला?"

"चाळीसच्या आत."

तिनं दुसरं पान फाडलं नाही, नुसतं उलटलं. मग म्हणाली, "अडतीस हजारांचं काय ते?"

मी तिला पायरीची गोष्ट सांगितली, बोटानं टेबलाच्या काठावर दाखवली. तिनं काठावरून नख फिरवलं. "मग ते सगळ्यात महाग," ती म्हणाली आणि वही मिटली.

साडेनऊ

मिस्त्रींना फोन केला. "उद्या इंजिन उतरवा. अर्धा एमएमचं बोअर, क्रँक पाव."

"पंप पण बघून घिऊ?"

"घ्या. आणि दारावरचे आकडे पुसू नका."

गाडी १९ दिवस उभी राहिली. बिल १ लाख ७१ हजार झालं, अंदाजापेक्षा आठ हजार जास्त, त्यातले पाच डिझेल पंपाचे. सुरतेच्या पहिल्या फेरीत दीड लिटर ऑइल लागलं, तिसऱ्या फेरीत वरून टाकावं लागलं नाही. आरसी बुकावर इंजिन नंबर २०११ चाच आहे.